रेवणचा तिसरा स्पिंडल

“पाणी की हवा? बाई, एवढंच सांगा. बाकी काही नको.”

रेवणनं हे विचारलं तेव्हा मी तिथं हजर होतो. लक्ष्मीआईच्या पायरीवर हात ठेवून सांगतो, यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. या दोन कानांनी ऐकलेलं आहे.

म्हणजे, हजर नव्हतो. त्या दिवशी मी मेहुणीच्या लग्नात विजापूरला वाढपी होतो. पण जो हजर होता त्यानं मला सांगितलं, आणि तो माणूस खोटं बोलत नाही. खोटं बोलायला जेवढी अक्कल लागते तेवढी त्याच्याकडे नाही. तेव्हा खरंच धरून चला.

तर रेवणनं विचारलं, पाणी की हवा.

आणि होनरावबाईंनी विचारलं, “जेवलास का बे?”

“जेवण कुठलं, बाई!”

“मग बस.”

रेवण बसला. लगेच उठला.

होनरावबाई म्हणजे आयटीआयमध्ये लेथ शिकवून निवृत्त झालेल्या बाई. सोलापुरात अक्कलकोट रोडला त्यांचं पत्र्याचं शेड आहे, त्याला लोक ‘मठ’ म्हणतात. मठात जसं कुणी नारळ घेऊन जातं, तसं इथं जळालेली मोटार घेऊन येतात. नारळ परत मिळत नसतो. मोटार कधीमधी मिळते.

बाईंच्या अंगी बाकी सगळे गुण होते, नम्रता तेवढी नव्हती. लोखंडाला वळण लावावं तर मीच, हे त्या आलेल्या माणसाला चहा येण्याआधी सांगून टाकत. आणि आयटीआयमध्ये त्यांच्या स्टीलच्या पट्टीचा मार न खाल्लेला कारागीर या बाजूला तुम्हाला सापडणार नाही.

रेवणनं तो सगळ्यांत जास्त खाल्ला होता. म्हणून तो स्वतःला पट्टशिष्य समजे.

आता त्याचं दुखणं काय ते सांगतो. रेवणसिद्ध पांचाळ, मुक्काम हिरेवाडी. जातीचा सुतार, पण हातात रंधा धरला नाही. त्यानं कॉम्प्युटरवर चालणारं कोरीवकामाचं मशीन घेतलं होतं. टेबलावर फळी बांधायची, पडद्यावर नक्षी काढायची, की वरून एक गरगर फिरणारं डोकं खाली येतं आणि पात्याच्या टोकानं ती नक्षी लाकडात कोरत जातं. त्या डोक्याला म्हणायचं स्पिंडल.

फिरलं की ते तापतं. तापलं की निववावं लागतं. कुणी त्याच्या अंगात पाणी खेळवतं, कुणी त्याच्या डोक्यावर पंखा बसवून हवा मारतं.

एवढंच शास्त्र. पण एवढ्यावर रेवणनं जेवताना, झोपताना आणि बायको बोलत असताना जेवढे व्हिडिओ बघितले होते, तेवढ्यात माणूस डॉक्टर झाला असता.

“पुण्याचा दुकानदार दोन्ही डबे समोर काढून बसलाय,” रेवण म्हणाला. “ट्रॅव्हल्स सुटायच्या आत त्याला सांगायचंय. आज पार्सल निघालं नाही तर संपलं. सोमवारी जत्रा आहे, बाई. आणि देवीला दार नाही.”

बाई लेथवर एक दांडा चढवत होत्या. मान वर केली नाही.

“दार कुठं गेलं?”

“काढलं.”

“कुणी?”

रेवणनं शेडच्या पत्र्याकडे बघितलं.

“मी.”

लक्ष्मीआईचं जुनं दार त्याच्या आज्यानं, वाकसानं आणि पटाशीनं कोरलेलं. खालून वाळवीनं खाल्लं होतं. गाव म्हणालं, डागडुजी करू. रेवण भर बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, डागडुजी कसली करताय, आज्याला जन्म गेला ते माझं मशीन जत्रेच्या आत करून देतंय, काढा दार. त्याचे वडील, सिद्रामअण्णा, तिथंच बसले होते. 

दार निघालं. चौकट उघडी पडली. तिथं एक जुनी सतरंजी लटकवली. पहिल्याच दुपारी कुत्रं आत शिरलं आणि देवीच्या नैवेद्यावर ताव मारून, तिच्याच पायाशी पसरलं.

त्यानंतर गाव रेवणला ‘काय रेवणशेठ’ म्हणू लागलं. शेठ हा शब्द किती वाईट आहे ते ज्याला म्हणतात त्यालाच कळतं.

“पहिला स्पिंडल कसला होता?” बाईंनी विचारलं.

“हवेचा.”

“कशानं मेला?”

हे रेवणला तोंडपाठ होतं. तो फेऱ्या मारत सांगू लागला. इकडून तिकडे, लेथपासून दारापर्यंत.

“हवेनंच मेला. त्याचा पंखा त्याच्याच दांड्यावर असतो ना? दांडा जोरात फिरला तर पंखा जोरात. मी करत होतो देवीचा मुखवटा. बारीक काम, म्हणून वेग कमी ठेवलेला. वेग कमी म्हणून पंखाही कमी. म्हणजे सावकाश काम करणाऱ्याला वाराच नाही! वरून सागवानाचा भुसा. जाळीत असा गच्च बसला की…”

“कधी कळलं?”

“काय?”

“हे सगळं. पंखा, भुसा.”

“…जळल्यावर.”

बाईंनी लेथ चालू केला. दांड्यावरून लोखंडाची एक निळसर कुरळी बट सुटली आणि जमिनीपर्यंत लोंबली. रेवणनं बाकावरचा माप घ्यायचा व्हर्नियर उचलला. उघडला, मिटला. उघडला, मिटला. बाईंनी एका हातानं लेथ सांभाळत दुसऱ्या हातानं तो त्याच्या बोटांतून काढून घेतला.

“दुसरा?”

“दुसरा पाण्याचा. आणि बाई, तो कशानं मेला तेच कळत नाही! त्याच्यासाठी मी काय कमी केलं नाही हो.”

“काय काय केलंस?”

रेवणची छाती जरा वर आली.

“नवी टाकी. नवा पंप. नळ्या जाड, भारीतल्या. पण आमचं शेड पत्र्याचं. दुपारी टाकीतलं पाणी आंघोळीला काढल्यासारखं होतं. म्हणलं, अशानं हा पण जाणार. म्हणून मग बर्फ घातला.”

लेथ थांबला.

“काय घातलास?”

“बर्फ. कारखान्यातून लादी आणायची, फोडून टाकीत सोडायची. पाण्यात हात घातला तर बोटं बधिर व्हायची, एवढं गार! तेवढ्यावर नाही थांबलो. घरातला कूलर उचलून आणला, मोठा, वाळ्याच्या ताट्यांचा. त्याचं तोंड सरळ स्पिंडलवर. अण्णा तिकडं घरात उकडून निघालेत, पण म्हणलं, आधी देवीचं काम. बाई, पोटच्या पोराला कोणी एवढं गारव्यात ठेवत नाही.”

बाईंनी हात पुसले.

त्याच्याकडे बघत राहिल्या. 

“काय झालं, बाई?”

“तहान लागली असंल तुला.”

“नाही, मला ते पाणी का हवा तेवढं…”

बाई आत गेल्या. तांब्या घेऊन आल्या. पितळी, आत बर्फाचे खडे वाजत होते.

रेवणनं येताना पिशवीतून नव्या दाराचा कोरलेला एक तुकडा आणला होता, बाईंना दाखवायला. अर्धा मुखवटा. नाकापर्यंत देवी आणि नाकाखाली कोरं लाकूड. तिथंच दुसऱ्या स्पिंडलनं प्राण सोडला होता. लाकडाला अजून तेल नव्हतं की पॉलिश नव्हतं.

बाईंनी तांब्या त्या तुकड्यावर ठेवला. देवीच्या बरोबर गालावर.

“बाई, लाकूड कच्चं आहे.”

“असू दे.”

“डाग पडेल ओ.”

“तांब्या गळका नाही माझा.”

रेवण गप्प बसला. म्हणजे उभा राहिला. एका पायावरून दुसऱ्या पायावर. नजर तांब्यावर. बाहेर वैशाखाचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं, आणि कोपऱ्यात बाईंचा स्वतःचा कूलर ओली हवा फेकत होता.

तांब्या आधी धुरकट झाला.

मग त्याच्या पोटावर बारीक घाम फुटला. घामाचे थेंब झाले. एक थेंब दुसऱ्याला मिळाला, जड झाला, आणि घसरत खाली आला.

देवीचा गाल ओला झाला.

“बघा! म्हणालो नव्हतो?” रेवणनं तांब्या उचलला आणि शर्टाच्या बाहीनं लाकूड पुसू लागला. “डाग पडला की नाही? गळतोय की तुमचा तांब्या!”

“गळतोय?”

रेवणनं तांब्या वर धरला. बूड बघितलं. कड बघितली. आतलं पाणी होतं तेवढंच होतं.

“…नाही गळत.”

“मग पाणी कुठून आलं?”

“हवेतून.”

“कुठल्या?”

रेवणनं कोपऱ्यातल्या कूलरकडे बघितलं. तिथून तांब्याकडे. त्याचा हात पुसता पुसता थांबला.

त्याला आठवलं, दुसरा स्पिंडल उघडला तेव्हा आत बेअरिंगवर तांबूस गंज होता. तारांच्या वेटोळ्यावर ओल होती. आपण नळी फुटली म्हणून शिव्या घातल्या. मग नळी तोंडात धरून फुंकून बघितली. ती कुठंच फुटलेली नव्हती. दुकानदाराला फोनवर चोर म्हणालो…

“म्हणजे तो तापून नाही मेला,” रेवण हळूच म्हणाला.

“नाही.”

“सोलापुरात. वैशाखात…”

“गारठून मेला,” बाई म्हणाल्या. “पहिलाच असंल.”

दुसरा कोणी असता तर इथं खाली बसला असता. पण रेवण तो रेवण. त्याच्या डोक्यात लगेच दुसरं चक्र सुरू झालं.

“मग सोपं झालं, बाई! हवेचाच घेतो. पंखा वेगळा बसवतो, दांड्यावर नको. जाळी रोज झाडतो… नाही, नाही, थांबा. पाण्याचाच बरा, आवाज कमी. बर्फ नाही घालायचा, नुसतं पाणी. टाकी सावलीत, मातीत अर्धी पुरून. पण मग टाकीत शेवाळ धरतं, नळी तुंबते… त्यापेक्षा हवाच. का?”

बाईंनी लेथवरून दांडा काढला आणि पुसायला घेतला.

“की दोन्ही? दोन्हीची सोय असलेला मिळतो का बघू?”

बाईंनी दांडा उजेडाकडे धरून बघितला.

“बाई, बोला की ओ! मला इथं घाम फुटलाय!”

“पहिला मेला तेव्हा कुठं होतास?”

“आं?”

“पहिला. हवेचा. जळला तेव्हा तू कुठं होतास?”

“मशीन लावून दिलं होतं ना, बाई. त्याचं तेच चालतं, जवळ उभं राहायची गरज नसते. तेवढ्यात मी वेशीवर गेलो होतो. जत्रेचा फ्लेक्स लावायचा होता.”

“कुणाचा फोटो त्यावर?”

“…देवीचा.”

“आणि?”

“खाली माझा. लहान आहे तसा.”

“आणि दुसरा मेला तेव्हा?”

रेवण पिशवीचे बंद सारखे करू लागला. 



“कुठं होतास बे?”

“बर्फ आणायला गेलो होतो,” रेवण म्हणाला.

त्याच वेळी फोन वाजला. पुण्याचा दुकानदार. रेवणनं घाईनं फोन कानाला लावायला उचलला, पण बोलायचं काय ते ठरेना. बाईंनी हात पुढे केला. आयटीआयमधली सवय, बाईंनी हात पुढे केला की हातातली वस्तू द्यायची. त्यानं दिली.

“हॅलो,” बाई म्हणाल्या. “हो, रेवणशेठचीच माणसं. पाण्याचा एक आणि हवेचा एक, असे दोन डबे आहेत ना समोर? डोळे मीट. जो आधी हाताला लागेल तो गाडीत घाल.”

आणि फोन बंद केला.

रेवणचा चेहरा देवीच्या त्या तुकड्यासारखा झाला, नाकाखाली कोरा.

“बाई! अहो हे काय केलंत?”

“तुझं काम केलं.”

“माझी अब्रू टांगलीय तिथं! पोरंसोरं शेठ म्हणतात मला! आणि तुम्ही आंधळी कोशिंबीर खेळताय? म्हणजे पाणी काय आणि हवा काय, दोन्ही सारखंच?”

“सारखं कसं असंल? शिकवलं नाही मी तुला?”

“मग?”

बाईंनी दांड्यावर नख फिरवून बघितलं. मनाजोगं नसावं. परत लेथवर चढवला.

“देवळात आत्ता कोण आहे?”

“कोण असणार दुपारचं. अण्णा आहेत.”

“काय करतात?”

“काही नाही. उंबऱ्यात बसतात.”

“कधीपासनं?”

“दार काढलं तेव्हापासनं. कुत्रं जातं ना आत… त्यांना कुणी बसा म्हणलं नाही. आपले आपणच जाऊन बसले. हातात काठी पण नाही घेत. नुसतं बसतात.”

“पश्चिमेला तोंड आहे ना देवळाचं?”

“हो.”

“मग ऊन येत असंल.”

“येतं की. दुपारनंतर सगळं अंगावर येतं.”

“उकडत नाही त्यांना?”

“उकडतं ओ. घामानं भिजलेले असतात. मी म्हणलं पंखा लावून देतो, तर नको म्हणाले. छत्री नेऊन दिली तर ती बाजूला ठेवली. चहा नेला तर तिथंच पितात.”

“आणि कुत्रं?”



“येतं. त्यांच्याकडे बघतं… आणि जातं.”

बाईंनी लेथ चालू केला नाही.

रेवण खाली बसला. बाकावर नाही, तिथंच जमिनीवर, लोखंडाच्या किसात. पिशवी मांडीवर. पहिल्यांदाच त्याचे पाय हलायचे थांबले. घोटाळत, कुणाला तरी भीत विचारावं तसं त्यानं विचारलं,

“बाई… आणि तिसरा पण जळला तर?”

बाईंनी उत्तर दिलं ते सांगतोच. पण त्याआधी एक कबूल करतो, कारण लक्ष्मीआईच्या पायरीवर हात ठेवलाय आणि ती पायरी उन्हात तापलेली असते.

तांब्याची गोष्ट मी रचली.

बाईंनी तांब्या आणला नाही, गालावर ठेवला नाही, थेंब घसरला नाही. बर्फ म्हणल्याबरोबर बाईंनी लेथ थांबवला, एवढं खरं. पुढं त्यांनी रेवणला जे सुनावलं त्यात थोडं शास्त्र होतं आणि बाकी त्याच्या खानदानाविषयी होतं. ते छापलं तर माझ्याही खानदानाला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. म्हणून तांब्या. तेवढाच माझा. बाकी सगळं जसं घडलं तसं.

दार आता हिरेवाडीत उभं आहे, जाऊन बघा. एक फळी किंचित तिरकी बसलीय, देवीनं तक्रार केलेली नाही. पुण्याहून आलेल्या डब्यात पाण्याचा निघाला की हवेचा, हे रेवण कुणाला सांगत नाही. शेडमध्ये जाऊन विचारलंत तर मशीनवरची नजर न काढता शेजारचं स्टूल पायानं तुमच्याकडे सरकवतो.

तर त्यानं विचारलं होतं, तिसरा पण जळला तर?

बाई म्हणाल्या,

“जळू दे. पण या खेपेला तू तिथं अस.”